खोडावरची चार फुले

मिनोसावा या डोंगरातल्या गावात चेरी केव्हा फुलली, हे ठरवण्याचा मान एका माणसाकडे होता. आणि तो मान त्यांना कोणी लेखी दिलेला नव्हता. तामोत्सु होसोया गावच्या पाणीखात्यात छत्तीस वर्षे मीटर वाचत असत. बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या शेवटच्या मुख्याध्यापकांनी गाव सोडताना बहराची नोंदवही त्यांच्या हाती ठेवली, त्याचे कारण इतकेच, की शाळेचा मीटर वाचायला होसोया दर महिन्याला येतच आणि वाचलेला आकडा पुसून पुन्हा लिहिताना त्यांना कोणी पाहिले नव्हते.

वहीच्या पहिल्या पानावर नियम होता. शाळेमागच्या बांधावरचे ते एकच झाड धरायचे. त्याच्या फांद्यांवर पाच किंवा अधिक फुले पूर्ण उमललेली दिसली, की तो बहराचा पहिला दिवस. चेरीचे झाड जुने झाले की खोडाच्या सालीतूनही एखादा झुबका थेट फुटतो. ही फुले आधी उमलतात, लहान मुलांच्या हाताला येतात, दिसायलाही गोड असतात. पण ती मोजायची नाहीत. या शेवटच्या वाक्याखाली मुख्याध्यापकांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

होसोयांनी ती वही मीटरसारखीच चालवली. सकाळी सातला बांधावर जायचे, फुले एकदा मनात मोजायची, एकदा मोठ्याने मोजायची, मग लिहायचे. बहर उघडल्याचे त्यांनी सांगितले, की व्यापारी मंडळाचे उशियामा नगरपालिकेत जाऊन खांबांवरच्या भोंग्यांतून ते गावभर जाहीर करीत, आणि त्याच संध्याकाळी नदीकाठावर कागदी कंदिलांच्या माळा चढत.

याखेरीज एक फोन येई. तो कियोनोसानचा. कियोनोसान आणि धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या कामिदाइरा गावातल्या इतर बायका आता खालच्या खोऱ्यातल्या वसाहतीत राहत. गाव सोडण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आपल्या देवळाजवळचे एक रोप उपटून आणले होते आणि मिनोसावाच्या शाळेमागे लावले होते. गावातले जे काही पाण्याबाहेर राहिले ते एवढेच. वर्षातून एकदा साऱ्याजणी त्याच्याखाली बसून जेवत. आता अकराजणी उरल्या होत्या, सर्वांत थोरल्या फुसानो आजी नव्वदी ओलांडलेल्या. होसोयांनी सांगितलेल्या तारखेपासून चौथ्या दिवसाची छोटी बस कियोनोसान ठरवीत. चौथ्या दिवशी झाड अर्ध्याहून अधिक फुललेले असते, आणि पाकळ्या गळायला अजून अवकाश असतो. कोणाला वृद्धाश्रमातून परवानगी काढावी लागे, कोणाची सून रजा घेई. ठरलेली बस मग हलवता येत नसे. कियोनोसान फोनवर दरवर्षी एकच वाक्य म्हणत: “होसोयासान, यंदाही तुमचे डोळे उसने घेतो हं आम्ही.”

इथपर्यंत सारे ठीक होते. बिघडले ते अंदाजांमुळे.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपासून रोजचे कमाल तापमान मिळवत जायचे, आणि बेरीज सहाशेच्या आसपास आली की चेरी फुलते, हा ठोकताळा अनेकांना ठाऊक असतो. होसोयांनी आपल्या झाडापुरता तो आकडा थोडा खाली आणला आणि एका वर्षी सहज म्हणून नगरपत्रिकेला एक तारीख कळवली. ती बरोबर आली. पुढच्या वर्षीही आली. सहा वर्षे ओळीने आली, तेव्हा नगरपत्रिकेने त्यांचे छायाचित्र छापले, आणि ज्या माणसाला गाव तोवर ‘मीटरवाले’ म्हणत होते, त्याला ‘फूलगुरुजी’ म्हणू लागले. होसोयांनी या नावाला हरकत घेतली. पण ती हरकत घेताना ते हसत होते, असे सांगणारे लोक आहेत, आणि त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

सातव्या वर्षीचा अंदाज होता बारा एप्रिल. मार्चच्या अखेरीस थंडी परतली. दोनदा बर्फ पडले. अकरा तारखेच्या रात्री बेरीज हव्या त्या आकड्यापेक्षा चाळीस अंशांनी कमी होती. हे होसोयांना नीट माहीत होते, कारण ती बेरीज त्यांनीच केली होती.

बाराच्या सकाळी ते बांधावर गेले तेव्हा उशियामा आधीच तिथे उभे होते. कंदिलांच्या पेट्या गाडीतून उतरल्या होत्या. उशियामा म्हणाले, “सातव्यांदा ना, गुरुजी? तुमच्यावर पैज लावायला पाहिजे होती. बायकोनं लावू दिली नाही.”

होसोयांनी मान वर करून फांद्या पाहिल्या. दक्षिणेकडच्या एका डहाळीवर दोन फुले उमललेली होती. बाकी साऱ्या कळ्या टोकाला गुलाबी आणि घट्ट. त्यांनी झाडाभोवती एक फेरी घातली. खोडावर, त्यांच्या कमरेपेक्षा थोडा वर, सालीच्या एका भेगेतून चार फुलांचा झुबका आला होता.

त्या दिवशी त्यांनी मोठ्याने मोजले नाही.

“सहा,” ते म्हणाले.

झाडावर सहा फुले होती, हे खरेच. पुढे कित्येक महिने या वाक्याचा त्यांनी आधार घेऊन पाहिला. आकडा खोटा नव्हता. खोटे होते ते त्या आकड्याला बहर म्हणणे. दुपारी भोंगे वाजले. संध्याकाळी कियोनोसानचा फोन आला, डोळे उसने घेण्याचे वाक्य म्हणून झाले, आणि बस सोळा तारखेची ठरली.

तेराला फांद्यांवर दोनच फुले होती. चौदाला तीन. पंधराला चार. धरणाच्या बाजूने वारा सुटला होता आणि कळ्या जागच्या जागी थांबल्या होत्या. पंधराच्या दुपारी होसोयांनी फोन उचलून कियोनोसानच्या क्रमांकाचे पहिले पाच आकडे फिरवले. बस हलवणे अवघड असले तरी एक दिवस आधी कळवले असते, तर न येण्याची मुभा तरी त्या बायकांना राहिली असती. परंतु न येण्याचे कारण सांगावे लागले असते. त्यांनी फोन खाली ठेवला. पुढे त्यांना जी लाज वाटत राहिली ती सहा म्हटल्याची कमी आणि या पाच आकड्यांची अधिक होती. सहा म्हणताना समोर उशियामा होते, कंदील होते, गाव होते. फोन ठेवताना खोलीत त्यांच्याशिवाय कोणी नव्हते.

सोळा तारखेला ते घरी बसू शकले असते. ते गेले, तांदळाच्या गोड गरम पेयाचे दोन मोठे थर्मास घेऊन गेले. बस आली. अकराजणी उतरल्या, फुसानो आजींची चाकांची खुर्ची उतरवण्यात आली, निळे ताडपत्रीचे बसकर अंथरले गेले. सगळ्यांनी एकदा वर पाहिले. फांद्या उघड्या होत्या, मागे आभाळ राखाडी होते. मग एकजण म्हणाली की धरणाचे पाणी यंदा किती निळे दिसते आहे, आणि सगळ्यांनी पाण्याकडे पाहिले.

त्यांनी डबे उघडले. तळलेल्या तोफूच्या पिशव्यांत भरलेला आंबटगोड भात होता, पालेभाजीचे लोणचे होते. कियोनोसान होसोयांसमोर वाकून म्हणाल्या की दरवर्षी तुम्हाला किती त्रास देतो, एवढ्या थंडीत गरम आणलेत, किती उपकार. फुसानो आजींनी मात्र एक हट्ट केला. आपली खुर्ची झाडाच्या खोडाला अगदी टेकवून, पाठ खोडाकडे करून लावा, म्हणजे वारा लागणार नाही. सोबत आलेल्या सुनेने तशी लावली. जाड लोकरी शाल पांघरलेली आजींची पाठ नेमकी त्या झुबक्यावर आली आणि चार फुले झाकली गेली. दोन तास त्या तशाच बसून राहिल्या. होसोयांना त्या वेळी जे वाटले त्याला सुटका हाच शब्द आहे. योगायोगाने आपला पुरावा झाकला गेला, या विचाराने ते सगळ्यांचे पेले पुन्हा भरू लागले.

बहर खरोखर उघडला सतरा तारखेला. एकवीसला झाड पांढरे झाले. पुढच्या वसंतात बस आली तेव्हा फुसानो आजींची दृष्टी इतकी मंदावली होती, की फुले कोणती आणि ढग कोणता हे त्यांना कळत नव्हते. त्या आल्या, मान वर करून बसल्या, आणि शेजारणीला विचारत राहिल्या, आता किती फुललंय गं. म्हणजे त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहता येईल असा शेवटचा बहर सोळा तारखेच्या त्या उघड्या फांद्यांवर येऊन थांबला होता. हा हिशेब होसोयांना कोणी मांडून दाखवला नाही. आकड्यांची सवय असलेल्या माणसाला तो मांडून दाखवावा लागत नाही.

त्यांनी अंदाज देणे बंद केले. वय झाले, असे नगरपत्रिकेला कळवले. नगरपत्रिकेने त्यांच्या विनयशीलतेबद्दल चार ओळी छापल्या, त्या त्यांनी वाचल्या आणि अंक उलटा करून ठेवला. झाडाची नोंद मात्र ते ठेवत राहिले. आता तीनदा मोजत, प्रत्येक फूल बोटाने दाखवत. कियोनोसानचा फोन दरवर्षी येत राहिला, वाक्य तेच, आभार तसेच. निदान यांना तरी कळलेले नाही, एवढी एक कोरडी जागा होसोयांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती, आणि त्या जागेवर ते तीन वर्षे उभे होते.

चौथ्या वर्षी दहा एप्रिलला फांद्यांवर नऊ फुले उमलली. भोंगे वाजले. चारच्या सुमारास कियोनोसानचा फोन आला. बोलणे संपल्यावर होसोया रात्रीच्या जेवणासाठी तोफू आणायला निघाले. तोकिएसानचे तोफूचे दुकान बांधाच्या पायथ्याशीच आहे. तिथे पोहोचायला त्यांना सहा मिनिटे लागतात. दाराचा पडदा बाजूला सारून ते आत शिरले तेव्हा तोकिएसान त्यांच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होत्या.

“हो हो, मी स्वतः चढून बघून आले. नऊ आहेत. नाही हो, फांद्यांवरच. खोडावरची धरलेली नाहीत. ठरवा बस, बिनधास्त ठरवा.”

फोन ठेवून त्या वळल्या. होसोयांना पाहून त्यांनी ओले हात आधी एप्रनला पुसले, मग पुन्हा पाण्यात घातले.

“पांढरा देऊ की तळलेला?” त्यांनी विचारले.

“कियोनोसान होत्या?”

तोकिएसान बराच वेळ पाण्यात तोफूचा तुकडा शोधत राहिल्या. लपवणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि तीन वर्षे लपवून त्या थकल्याही असाव्यात. शेवटी म्हणाल्या, “बसा जरा.”

मग त्यांनी सांगितले. खुर्चीत बसलेल्या फुसानो आजींचे डोळे नेमके त्या झुबक्याच्या उंचीला आले होते. बाकीच्या वर पाहत होत्या, आजींनी समोर पाहिले. झाड त्यांच्याच हातचे. कुठे काय फुटते हे त्यांना शिकवायला नको होते. बस सुटल्यावर त्यांनी सांगितले. वाऱ्याचे नुसते निमित्त होते.

“आजी म्हणाल्या म्हणे, ‘मीटरवाल्यानं यंदा खोडाच्या पोटावरची फुलं धरली बायांनो, आणि आता बिचारा थर्मास धरून उभा आहे. कुणाची नजर गेली असती तर त्याला जमिनीत जागा शोधावी लागली असती. म्हणून मी आपली टेकले तिथं. पाठ गारठली माझी.’”

“बसमध्ये काय म्हणाल्या मग सगळ्या?”

“हसल्या. वसाहत येईपर्यंत हसत होत्या. मग कुणीतरी रडलं, असं ऐकलं. म्हाताऱ्या बायका, त्यांचं काय एवढं मनावर घ्यायचं.” तोकिएसाननी तोफू कागदात बांधला. “तेव्हापासून आधी तुम्हाला फोन करतात, मग मला. तुम्हाला न विचारता नुसतं मला विचारलं तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून दोन फोन.”

होसोया तोफू घेऊन घरी आले. त्या रात्री त्यांनी तो खाल्ला नाही, असे नाही, खाल्ला. परंतु आजवर जी लाज त्यांची एकट्याची होती, तिच्याभोवती अकरा बायका तीन वर्षे पदर धरून उभ्या होत्या, हे कळल्यावर ती सहन करण्याची रीतच त्यांना सापडेना. पकडला गेलेला माणूस निदान मान खाली घालू शकतो. ज्याला पकडूनही सोडून दिले आहे आणि तसे कळूही दिलेले नाही, त्याने मान कोणत्या दिशेला करावी?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते खालच्या वसाहतीत गेले. माफी मागायला जाताना न्यायची असते तशी मिठाईची पेटी जाड कागदात बांधून घेतली होती. कियोनोसाननी दार उघडले, पेटीकडे पाहिले आणि येण्याचे कारण ओळखले. चटईवर बसताच होसोयांनी दोन्ही हात पुढे टेकवले, कपाळ चटईला लावले आणि जे घडले ते सांगितले: दोन फुले, चार फुले, आणि पंधरा तारखेचा अर्धा फिरवलेला क्रमांक. हा शेवटचा भाग कियोनोसानना ठाऊक नव्हता. तो ऐकताना त्यांनी चहा ओतणे थांबवले.

“फोन केला नाहीत, होय,” त्या म्हणाल्या. “ते मात्र वाईट केलंत.”

एवढेच. पण चार वर्षांत होसोयांना मिळालेली ही पहिली शिक्षा होती, आणि ती ऐकून त्यांना बरे वाटेल असे जे त्यांना येताना वाटले होते, तसे काही झाले नाही.

फुसानो आजींची क्षमा मागायला आपण वृद्धाश्रमात जाणार आहोत, असे होसोया म्हणाले. कियोनोसाननी साफ नकार दिला.

“जाऊ नका. तिला अजून वाटतंय की तुम्हाला काही कळलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्या नर्सला सांगते, मी एकदा एका माणसाची अब्रू पाठीनं झाकली म्हणून. एवढंच उरलंय तिच्याकडं मिरवायला. तेही घेणार काढून?”

मग होसोया म्हणाले की नगरपत्रिकेत जाहीर माफी छापून ते नोंदीचे काम सोडतील.

“छापा ना. म्हणजे मग आम्ही अकराजणींनी पुन्हा तुमच्या दारात येऊन म्हणायचं, छे छे होसोयासान, एवढं काय त्यात. गुडघे दुखतात हो आमचे.” त्यांनी चहा पुढे सरकवला. “आणि तुम्ही सोडल्यावर मोजणार कोण? उशियामा? त्याला कळीसुद्धा फूल दिसतं, कंदील लावायचे असले की. तुम्हीच मोजा. आम्ही तोकिएला विचारत राहू.”

“यापुढेही?”

“यापुढेही,” कियोनोसान म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे या शिक्षेत कपात होण्याची आशाही नव्हती. “वहीचं मात्र तुमचं तुम्ही बघा. झाड आमचं आहे. वही गावाची.”

वहीची प्रत दरवर्षी नगरपालिकेच्या दफ्तरात जाते. जुन्या नोंदीत दुरुस्ती करायची तर एक फॉर्म भरावा लागतो. होसोया सोमवारी तिथे गेले. खिडकीमागे हिराबायाशी नावाची तरुण कारकून होती. लहानपणी तिच्या घरचा मीटर वाचायला येणारे म्हणून ती त्यांना ओळखत होती. त्यांनी चार वर्षांपूर्वीची तारीख बारा ऐवजी सतरा अशी लिहिली. खाली दुरुस्तीचे कारण विचारले होते, तिथे तीन चौकटी छापलेल्या होत्या: वाचनातील चूक, लेखनातील चूक, इतर.

होसोयांनी ‘इतर’वर खूण केली आणि समोरच्या ओळीत लिहिले: नोंद करणाऱ्याला नियम माहीत होता. आपला अंदाज खरा ठरावा म्हणून त्याने खोडावरची चार फुले मोजली.

हिराबायाशीने ते वाचले. तिचे कान लाल झाले. काचेखालून फॉर्म तिने हळूच परत सरकवला आणि आवाज उतरवून म्हणाली, “काका, लेखनातील चूक म्हटलं तरी चालतं. तारीख तर बरोबर होतेच ना. हे कागद कायमचे राहतात.”

तिने नवा कोरा फॉर्मही शेजारी ठेवला होता. तो तिथे आहे हे दोघांनाही दिसत होते. होसोयांनी त्याकडे पाहिले. त्यांना तो घ्यावासा वाटला, हे इथे लिहून ठेवणे आवश्यक आहे. जितका वेळ ते त्याकडे पाहत होते तितक्या वेळात मागच्या रांगेतला माणूस दोनदा खाकरला.

“कायमचे राहतात, म्हणूनच,” ते शेवटी म्हणाले, आणि लिहिलेलाच कागद तिच्याकडे सरकवला.

हिराबायाशीने शिक्का मारला. मान वर न करता तिने सांगितले की यंदाच्या वर्षाचा कागदही आजच देता येईल, दहा एप्रिल, नऊ फुले, हे भोंग्यावरून तिला माहीत होते. फक्त पुढील वर्षी नोंद कोण ठेवणार तेवढे नाव हवे. लेखणी तिने त्यांच्यासमोर ठेवली.

होसोयांनी ती उचलली. नावाच्या चौकटीत, छत्तीस वर्षे पाणीखात्यात आणि पंधरा वर्षे या दफ्तरात ते जी सही ठळक, एका झटक्यात करीत आले होते, तीच करायची होती. त्यांनी नाव लिहिले. पण एक एक अक्षर सुटे, बारीक, चौकटीच्या खालच्या कडेला टेकून, शाळेत उशिरा आलेल्या मुलाने शेवटच्या बाकावर बसावे तसे. हिराबायाशीने ते नाव वाचून खात्री केली, वाकून नमस्कार केला आणि पुढच्या माणसाला बोलावले.